चुना टाकूनही युरेनियम जात नाही तेव्हा: खाणीवरचं भूजल साफ करायची रीत

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. पोरगं इथंच तासगावात वाढलेलं, सांगलीत केमिकलचा डिप्लोमा केला, आता बाहेरच्या राज्यात एका युरेनियम खाणीच्या साइटवर ठेकेदाराकडं पाण्याच्या प्लँटवर लागलंय. म्हणाला, "मामा, चुना टाकून टाकून पाणी ताकासारखं झालं, गाळ बी चांगला बसतोय, वरचं पाणी अगदी आरशासारखं, पण लॅबचा रिपोर्ट आला की युरेनियम जिथल्या तिथं. काय चुकतंय?" मी विचारलं पीएच किती ठेवतोयस, तर म्हणाला नऊ. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट किती, ती किती आहे? ती त्यानं मोजलीच नव्हती.

मी आयुष्यभर पाण्याचीच कामं केली, आधी साखर कारखान्यात बॉयलरचं पाणी बघायचो, मग खाणींच्या पाण्याच्या कामांवर फिरलो. त्या रात्री आम्ही दीड तास बोललो आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे सगळं लिहूनच काढावं, कारण आपल्या सांगली-साताऱ्याकडची बरीच पोरं डिप्लोमा करून असल्या साइटवर जातात आणि तिथं त्यांना कुणी बसवून शिकवत नाही, व्हॉल्व्ह कुठला उघडायचा आणि पोती किती टाकायची एवढंच सांगतात.

आधी युरेनियमचा स्वभाव समजून घ्या, बाकी सगळं त्यावर आहे. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करून टाकायचं, आत हवा खेळत नाही म्हणून हळद टिकते. खडकात खोलवर युरेनियम तसंच बसलेलं असतं, हवा नाही तोवर ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. खाण काढली म्हणजे पेवाचं तोंड उघडलं असं समजा. ऑक्सिजन आत शिरला, त्याच्यामागनं पावसाचं पाणी शिरलं, आणि युरेनियमनं रूप बदललं की ते विरघळायला लागतं. त्यातनं पाण्यात कार्बोनेट असलं तर युरेनियम त्याचा हात धरतं आणि मग सहजासहजी सोडत नाही, कॅल्शियम पण असलं तर तिघांची मोळीच बांधली जाते. भाच्याच्या टाकीत नेमकं हेच झालेलं. चुन्यानं गाळ बसला तो दुसऱ्या गोष्टींचा, युरेनियम कार्बोनेटला धरून वरच्या स्वच्छ पाण्यातच राहिलं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही, युरेनियमला ना रंग ना वास ना चव.

म्हणून साइटवर गेलं की पहिला प्रश्न हा विचारायचा की इथला खडक कुठला आणि मिलमध्ये, म्हणजे खडकातनं युरेनियम काढायच्या कारखान्यात, धातू काढायला काय वापरतात. झारखंडात जादूगुड्याला आम्लानं काढतात. आंध्रात तुम्मलपल्लेला खडकच चुनखडीच्या जातीचा, तिथं आम्ल टाकलं तर सगळं आम्ल खडकच खाऊन टाकेल, म्हणून तिथं सोड्याच्या जातीची रसायनं वापरून अल्कली पद्धतीनं काढतात. आम्लाच्या जागी पाणी आंबट, सल्फेट आणि लोखंड-मँगनीजनं भरलेलं. अल्कलीच्या जागी कार्बोनेटनं भरलेलं. एका साइटची रेसिपी दुसऱ्या साइटवर उचलून नेली की फसणारच.

आता सॅम्पल. इथंच निम्मी माणसं चुकतात. निरीक्षण बोरवर गेलात की आधी पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायची, पंप चालू करायच्या आधी, नंतर ती परत मिळत नाही. मग पंप चालू करून साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, दर पाच मिनिटांनी ईसी (पाण्यातनं वीज किती वाहते, म्हणजे क्षार किती) आणि पीएच बघायचं, आकडे हलायचे थांबले की ते खडकातलं ताजं पाणी. आपल्याकडं द्राक्षबागायतदार ड्रिपच्या पाण्याचा ईसी बघतात तोच मीटर, वेगळं काही नाही. एक बाटली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधनं गाळून तिच्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच दोनच्या खाली आणायचा, नाहीतर युरेनियम आणि लोखंड बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. दुसरी बाटली बिनॲसिडची, सल्फेट नायट्रेट क्लोराइडसाठी. अल्कलिनिटी जागेवरच टायट्रेट करायची, म्हणजे थेंबाथेंबानं ॲसिड टाकून मोजायची, लॅबला पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून कार्बोनेट खाली बसू शकतं आणि आकडा बदलतो. आणि खाणीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडनं येतं तिकडं, निदान एक तरी बोर असायला पाहिजे जिथं खाणीचा काही संबंध नाही, नाहीतर मूळ खडकाचं किती आणि आपलं किती हे कधीच कळणार नाही.

तपासायचं काय काय तर युरेनियम, रेडियम (युरेनियमपासनंच तयार होणारा किरणोत्सारी धातू), सल्फेट, नायट्रेट, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड, मँगनीज, आर्सेनिक, सेलेनियम. नायट्रेट कशाला असं भाच्यानं विचारलं. एक तर ते सुरुंगाच्या दारूतनं येतं, अमोनियम नायट्रेट असतंय त्यात, आणि दुसरं म्हणजे नायट्रेट पण ऑक्सिजनसारखंच वागतं, झोपलेल्या युरेनियमला उठवतं.

आकडा कुठला धरायचा तर पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या आयएस १०५०० मध्ये युरेनियमची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ३० पीपीबी (लिटरला मायक्रोग्रॅम), जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच. लोकांना किरणांची भीती जास्त वाटते पण पाण्यातल्या युरेनियमचा पहिला मार मूत्रपिंडावर बसतो, तो जड धातू म्हणून. किरणांच्या बाजूनं रेडियमवर जास्त लक्ष ठेवायचं.

प्रक्रिया करायच्या आधी गळती बंद करा, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. टेलिंग्ज म्हणजे धातू काढून राहिलेला चिखल, तो तळ्यात साठवतात, आणि त्या तळ्याचा तळ झिरपत असला तर तुम्ही खाली पंप लावून जन्मभर उपसत बसाल. आपल्याकडं जत, कवठेमहांकाळ, तासगावात शेततळी गावोगाव आहेत, त्यांना माहितीये प्लॅस्टिक कागदाचं दुखणं काय असतं. माझ्या मेव्हण्याच्या शेततळ्याचं पाणी एका उन्हाळ्यात रोज चार बोटं उतरायचं, तो म्हणायचा उन्हानं उडतंय, शेवटी शेजाऱ्याचा बांध ओला दिसला तेव्हा कळलं. तळं रिकामं केलं तर कोपऱ्यात जॉइंटजवळ करंगळीएवढं भोक, खालनं उंदरानं बीळ केलेलं. कागद फाटला नव्हता, नुसता उंदरानं कुरतडलेला. तर टेलिंग्जच्या तळ्याला कागदाच्या खाली दाबलेल्या चिकणमातीचा थर पाहिजे, तळ्याभोवती पावसाचं पाणी वळवणारी चर पाहिजे, आणि रोजचा हिशेब पाहिजे की किती पाणी आलं, किती बाष्प झालं, पातळी किती असायला पाहिजे आणि किती आहे. फरक पडला की शोध सुरू. भरून झालेल्या तळ्यावर मातीचं जाड पांघरूण घालायचं, त्यानं पाऊसही आत जात नाही आणि रेडियमपासनं निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायूही कमी निघतो.

उपसा करायचा तर बोर कुठं मारायचे हा प्रश्न येतो आणि इथं आपल्या माणसांना सांगायला लागत नाही. एका बोरला दोन इंची पाणी आणि दहा पावलांवर नुसता फुफाटा, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कठीण खडकात पाणी भेगांमधनं पळतं, कागदावर गोल काढून तेवढ्या भागातलं पाणी ओढलं जाईल असं समजणं धोक्याचं. उपसा चालू करून आजूबाजूच्या सगळ्या बोरच्या पातळ्या मोजायच्या, कुठली खाली गेली कुठली नाही ते नकाशावर मांडायचं, जी हलली नाही त्या बाजूनं घाण निसटतीय असा संशय ठेवायचा.

आता मूळ प्रक्रिया, भाच्याच्या दुखण्याची. त्याला मी सांगितलं, उद्या प्लँटला हात लावू नकोस, आधी जार टेस्ट कर. सहा जार, प्रत्येकात एक लिटर पाणी. तीन जार आहेत तसे, तीन जारमधलं पाणी आधी ॲसिड टाकून पीएच चारपर्यंत आणायचं आणि मत्स्यटाकीला लावतात तो छोटा हवेचा पंप अर्धा तास लावायचा. सोड्याची बाटली उघडल्यागत बुडबुडे येतात, तो कार्बोनेटचाच कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे शांत झाले की युरेनियमचा हात सुटला. मग सगळ्या जारमध्ये फेरिक क्लोराइडचा (लोखंडाचा क्षार) सारखाच डोस आणि चुन्यानं, खाली आणायचा असला तर थोड्या ॲसिडनं, पीएच वेगवेगळा, दोन्ही गटांत एकात सहा, एकात आठ, एकात साडेदहाच्या वर. एक मिनिट जोरात ढवळायचं, वीस मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. लोखंडाचा गाळ विटकरी रंगाचा, आधी धुरळ्यासारखा दिसतो, मग कण एकमेकांना धरतात, भिजलेल्या कापसासारखे होतात आणि सावकाश खाली बसतात. लोखंडाच्या त्या कापसावर युरेनियम चिकटतं. वरचं पाणी गाळून लॅबला.

चार दिवसांनी त्याचा फोन. बिनहवेच्या जारमध्ये पीएच सहा-आठला फारसा फरक नाही, साडेदहाच्या वर मात्र युरेनियमचा आकडा बराच उतरला कारण तिथं मॅग्नेशियमचा गाळ पडतो आणि तो युरेनियम ओढून घेतो. पण त्याला चुना एवढा लागला की गाळाचे ढीग होतील. हवा मारलेल्या जारमध्ये पीएच सहालाच युरेनियम खाली आलेलं. म्हणजे रीत ठरली, आधी ॲसिड, मग हवा, मग लोखंड आणि चुना. जर्मनीत विस्मुट कंपनीच्या जुन्या युरेनियम खाणींवर पण याच वळणाची रीत आहे, आधी आम्ल टाकून कार्बन डायऑक्साइड घालवतात आणि मग चुना देतात.

हवा मारायच्या टाकीबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. पेव उघडलं की जुनी माणसं लगेच आत उतरत नाहीत, कंदील सोडून बघतात, विझला तर थांबायचं. या टाकीचंही तसंच, कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली खड्ड्यात साठतो, दिसत नाही. त्याच्याबरोबर पाण्यातला रेडॉनही बाहेर पडतो. टाकी उघड्यावर पाहिजे किंवा एक्झॉस्ट उंच बाहेर काढलेला पाहिजे, आणि आत उतरायचं तर गॅस मीटर लावून, वर माणूस ठेवून. घाई आहे म्हणून कधीच नाही.

रेडियमचं वेगळं. ते लोखंडाला नीट चिकटत नाही, त्याला बेरियम क्लोराइड लागतं. पाण्यात सल्फेट असलं की बेरियम सल्फेटचे बारीक पांढरे कण होतात आणि रेडियम त्यांच्यातच बांधलं जातं. जादूगुड्याच्या प्लँटमध्ये बेरियम क्लोराइड आणि चुना वापरतात ते यासाठीच, चुन्यानं मँगनीजही जातं. पण बेरियम क्लोराइड स्वतः विष आहे. पाण्यात सल्फेट पुरेसं नसताना टाकलं तर ते विरघळलेलंच पुढं जाणार, म्हणजे एक विष काढून दुसरं घातलं. पोतं उघडताना मास्क आणि हातमोजे, आणि त्या खोलीत चहा-डबा काही नाही. कण फार बारीक असतात, सेटलिंग टाकी पुरत नाही, शेवटी वाळूचा फिल्टर लागतोच.

ज्या पाण्यात कार्बोनेट आहे पण सल्फेट कमी, तिथं रेझिन, म्हणजे पाण्यातले भारित कण धरून ठेवणारे बारीक मणी, उत्तम. मिरजेत बऱ्याच ठिकाणी सॉफ्टनर असतो, मिठानं धुतात तो, तसाच सिलेंडर, फक्त रेझिन उलट्या जातीचं, ऋण भार धरणारं. युरेनियम-कार्बोनेटच्या जोडीवर ऋण भार मोठा असतो म्हणून रेझिन तिला घट्ट पकडतं. जी गोष्ट चुन्याच्या टाकीत आड आली तीच इथं कामाला येते. सल्फेट जास्त असलं तर ते जागा अडवतं आणि रेझिन लवकर भरतं. भरलं की मिठाच्या पाण्यानं धुवायचं, ते मिठाचं पाणी युरेनियमनं गच्च असतं, ते मिलला परत देता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण बऱ्याच मिलमध्येही धातू असंच रेझिनवर पकडतात.

आरओचं थोडक्यात सांगतो. चालतं, बहुतेक सगळं अडवतं, पण जे रिजेक्ट, म्हणजे उरलेलं घट्ट पाणी, निघतं त्यात सगळा माल असतो आणि त्यासाठी बाष्पीभवनाची तळी बांधायला लागतात. उकळून, यूव्ही लावून, तुरटी फिरवून घरच्या घरी युरेनियम जात नाही, उकळल्यावर तर पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. (आपल्याकडच्या लोकांनी लगेच घाबरू नये, आपला काळा बेसाल्ट युरेनियमच्या बाबतीत गरीब खडक आहे, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. आपल्या बोरचं पाणी तपासताना नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार आधी बघा.)

जमिनीच्या आतच साफ करायच्याही रीती आहेत. अमेरिकेत युटामध्ये फ्राय कॅन्यनला १९९७ साली पाण्याच्या वाटेत आडवा चर खणून लोखंडाचा भुगा भरला, पाणी त्यातनं जाताना ऑक्सिजन संपतो आणि युरेनियम परत झोपी जातं, म्हणजे पेवाचं तोंड परत बंद केलं. ऐकायला झकास आहे आणि पंपाची वीजही नाही. पण युटातच मॉन्टिसेलोला तसाच अडसर घातला तर काही वर्षांत भुग्यात क्षार जमून तो तुंबायला लागला, आपल्याकडं ड्रिपची छिद्रं तुंबतात तसा, आणि तुंबलं की पाणी बाजूनं वाट काढतं. कोलोरॅडोत रायफलला २००२ साली जमिनीत अॅसिटेट सोडून, म्हणजे साधारण व्हिनेगरच्या जातीचं खाद्य, तिथल्याच जिवाणूंना वाढवलं. युरेनियम भराभर उतरलं आणि मग दुसऱ्या जातीच्या, सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंनी खाद्य पळवलं तसं परत थोडं चढलं. म्हणून हे उपाय करायचे पण पाठीमागं बोर ठेवून दर महिन्याला बघायचं, कारण हवा किंवा नायट्रेट परत पोचलं की झोपलेलं उठतं.

आता हिशेब. भाच्याला मी म्हणालो, तुझ्या प्लँटला रोज पाच लाख लिटर पाणी येतं, त्यात ४०० पीपीबी, म्हणजे रोज २०० ग्रॅम युरेनियम आत. बाहेर २० पीपीबीनं जातंय म्हणजे १० ग्रॅम. मग उरलेलं १९० ग्रॅम कुठाय? वर्षाला जवळजवळ ६९ किलो. ते गाळात असलं पाहिजे, रेझिनवर असलं पाहिजे नाहीतर रिजेक्टमध्ये. युरेनियम नष्ट होत नाही, त्याचं अर्धं व्हायलाच ४४७ कोटी वर्षं लागतात, आपण फक्त त्याची जागा बदलतो. दर महिन्याला गाळाचं सॅम्पल काढून हे गणित जुळवायचं, जुळलं नाही तर एकतर मोजमाप चुकतंय नाहीतर कुठंतरी गळतंय. त्याच्या आधीच्या माणसानं असं गणित कधी मांडलंच नव्हतं, आणि गाळ शेडच्या मागं उघड्यावर टाकलेला, पावसात ते पाणी वाहून परत त्याच ओढ्याला.

गाळ दाबून पाणी काढायचा, सिमेंटमध्ये बांधायचा आणि कागद घातलेल्या, वरनं झाकलेल्या खड्ड्यात ठेवायचा, किंवा परवानगी असेल तर टेलिंग्जच्या तळ्यात परत. कार्बोनेटचं पाणी त्याला लागू द्यायचं नाही, नाहीतर सगळी मेहनत विरघळून जाते. पाइपमध्ये जे पांढरं कवच धरतं त्यात रेडियम साठतं, ते खरवडताना कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून, मास्क घालून. किरणांचा बॅज रोज लावायचा, कपाटात लटकवून ठेवायचा नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, पोराबाळांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

शेवटी एवढं ध्यानात ठेवा की पंप बंद केला म्हणजे काम संपलं असं नसतं. उपसा चालू असताना आकडे सुंदर दिसतात, बंद केला की खडकाच्या बारीक भेगांमधनं उरलेलं हळूहळू बाहेर येतं आणि आकडा परत चढतो. न्यू मेक्सिकोत मिलान गावाजवळच्या होमस्टेक मिलवर भूजलाचं काम १९७७ साली सुरू झालं ते दशकानुदशकं चाललं. तर पंप बंद केल्यावर पहिलं वर्ष दर महिन्याला सॅम्पल, मग दर तीन महिन्यांनी, पावसाळ्यात पाणी चढायच्या आधी एकदा आणि उतरल्यावर एकदा जादा. बोरच्या तोंडाला झाकण आणि कुलूप. खालच्या अंगाच्या गावातल्या विहिरीही त्याच दिवशी तपासायच्या आणि आकडा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा, चांगला असो वाईट असो. भाच्यानं या महिन्यात पहिल्यांदा लिहिला, १४ पीपीबी, आणि खडूनं खाली तारीख टाकली.